ब्रेकचं काम घरी करताना

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे जाणारा आंबेनळी घाट गाडीला हजार मीटरहून जास्त खाली आणतो. चार माणसं आणि सामान धरून १,२०० किलोची गाडी नुसती हजार मीटर उतरली, तरी त्या उतरणीत जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर ३० अंशांचं ४० लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा इंजिन खातं, तेही गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर. थोडी वाऱ्यात जाते. बाकीची सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते, आणि त्यातही पुढच्या दोन चाकांवर मागच्यापेक्षा बरीच जास्त, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या डिस्क या उतारावर काहीशे अंशांपर्यंत तापू शकतात. त्या डिस्कला चिकटलेले पॅड, पॅडमागचा पिस्टन आणि पिस्टनमागचं ब्रेक ऑइल असा या उष्णतेचा प्रवास आहे. ब्रेकच्या देखभालीतल्या बहुतेक गोष्टींची कारणं या साखळीत सापडतात, म्हणून हात काळे करण्याआधी ती नीट समजून घ्यावी.

आपण पेडल दाबतो तेव्हा बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि नळ्यांतल्या द्रवावर दाब येतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला नियम इथे कामाला लागतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि चाकापाशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या पिस्टनचा ५० मिलिमीटर धरला, तर चाकाशी मिळणारा जोर सव्वासहा पट होतो. त्याच हिशेबाने पिस्टनचं सरकणं मात्र तितकंच कमी होतं. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी ही द्रवाची युक्ती गाडीत आणली आणि १९२१ साली ड्यूझेनबर्गच्या गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक मिळाले. (विमानं बांधणारे लॉकहीड बंधू म्हणतात त्यांपैकीच हे एक.) शंभर वर्षांत पुष्कळ भर पडली. जोर वाढवणारा बूस्टर आला, एक नळी फुटली तरी दोन चाकं धरावीत म्हणून दोन वेगळे मार्ग आले, चाक घसरू न देणारं एबीएस आलं. पाया मात्र तोच राहिला.

या सगळ्याचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो : द्रव दाबला तरी आकसत नाही. हवा आणि वाफ मात्र सहज आकसतात. चाकापाशी पिस्टन सरकतो तो मिलिमीटरच्या अंशाने, त्यामुळे नळीत छोटासा बुडबुडा असला तरी पेडलचा सारा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

हा बुडबुडा बाहेरूनच यावा लागतो असं नाही, तो आतल्या आतही तयार होतो. आपल्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉल इथर या जातीच्या रसायनांचं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतींतून, अगदी हळूहळू. नव्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान अपेक्षा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. कागदावर हे आकडे निरुपद्रवी दिसतात. उतारावर पॅड तापून ती धग पिस्टनमागच्या द्रवाला लागते, तेव्हा २०५ आणि १४० यांत किती अंतर आहे ते कळतं. जुनं, पाणी मुरलेलं ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये उकळतं, वाफ धरते आणि पेडल तळाला टेकतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गाडी थोडा वेळ उभी राहिली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक पूर्ववत लागतात. खाली येऊन गॅरेजमध्ये दाखवावं तर पेडल घट्ट, गळती कुठे नाही, पॅड शाबूत. ‘साहेब, काही प्रॉब्लेम नाही’ असं सांगून गाडी परत मिळते. म्हणून घाटात एकदाही पेडल खाली गेलं असेल, तर नंतर ते कितीही बरं वाटलं तरी ब्रेक ऑइल बदलल्याखेरीज दुसऱ्या घाटाला जाऊ नये. उतारावर प्रसंग आलाच तर पेडल भराभर पंप करावं, गिअर उतरवावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा.

ओलावा शोषला जातो तो काळाच्या हिशेबाने. महिन्यात दोनदा बाहेर निघणारी गाडीही ब्रेक ऑइल जुनं करते, आणि कोकणात, गोव्यात, मुंबईत चार महिने दमट हवेत उभी राहणारी गाडी तर नक्कीच. बहुतेक कंपन्या दोन वर्षांच्या आसपास बदलायला सांगतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळावा. रंगावर विसंबू नये. काळपट झालेलं ब्रेक ऑइल बदलायलाच हवं हे खरं, पण पिवळसर आणि स्वच्छ दिसणाऱ्यातही पाणी असू शकतं. दिवे लागणारे स्वस्त परीक्षक पेन द्रवातून वीज किती वाहते त्यावरून अंदाज बांधतात आणि द्रवातल्या इतर घटकांमुळेही चुकू शकतात. माझा भर तारखेवर आहे.

कोणतं घ्यायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ सांगितलेल्या बहुतेक गाड्यांत डॉट ४ चालतं, तरी पुस्तिका पाहून घ्यावी. उलट मात्र कधी करू नये. डॉट ५ ही वेगळीच वस्तू आहे. ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये मिसळत नाही, आणि आकडा मोठा म्हणून ते चांगलं असा अर्थ काढू नये. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल चुकूनही टाकीत जाऊ देऊ नये, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात. बाटली लहान आणि सीलबंद घ्यावी. अर्धी उरलेली बाटली कपाटात पडून ओलावा खात राहते, ती वर्षभराने वापरण्यात काही बचत नाही.

आता टाकीतल्या पातळीबद्दल, कारण घरी सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित पिळवटते, आणि पाय काढला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकला पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते, ती या रिंगेत आहे. पॅड झिजला की पिस्टन रिंगेतून थोडा पुढे घसरतो आणि तिथेच नवी जागा धरतो, म्हणून डिस्क ब्रेक कधी टाइट करून घ्यावे लागत नाहीत. पिस्टन पुढे गेला की त्याच्यामागे जास्त द्रव लागतो आणि तो टाकीतून येतो. म्हणजे महिन्यामहिन्याने हळूहळू उतरणारी पातळी ही पॅडची झीज आहे. अशा वेळी वरून भर घालत गेलो तर ती खूण पुसली जाते, आणि पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की टाकी भरून वाहते. पातळी कमाल आणि किमान या खुणांच्या मध्ये असेल तर झाकण उघडूच नये. पॅड तपासावेत. एका आठवड्यात पातळी डोळ्यांदेखत उतरली तर ती गळती आहे. अशी गाडी चालवायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं.

घरी काय करावं? पुढचे पॅड बदलणं आणि ब्रेक ऑइल बदलणं ही दोन कामं शांत माणसाला जमतात. पहिल्या खेपेला शेजारी एखादा जाणता उभा असावा, हे मी आग्रहाने सांगेन. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, मास्टर सिलिंडर, एबीएसचं युनिट, बटणाच्या हँडब्रेकचे मागचे कॅलिपर, हायब्रिड गाड्यांचे ब्रेक ही कामं गॅरेजची. सपाट, कठीण जमीन नसेल तरी काम घरी नको.

पॅडच्या कामात सुरुवात चाकाच्या नटांनी होते. गाडी जमिनीवर असतानाच ते पाव फेरा सैल करावेत. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच खाली जॅक स्टँड द्यावं. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. विटांची चवड तर नाहीच, वीट भाराखाली अचानक फुटते.

चाक काढल्यावर स्टिअरिंग त्या बाजूला वळवलं की कॅलिपर समोर येतो. बऱ्याच लहान गाड्यांत मागच्या बाजूचे दोन बोल्ट कॅलिपर धरून असतात. खालचा काढला की तो वर उचलता येतो. पूर्ण सोडवावा लागला तर तारेने वर बांधून ठेवावा, रबरी होजवर लोंबकळू देऊ नये. होज आतून चिरते, बाहेरून दिसत नाही, आणि पुढे तीच जागा दाब अडवते.

आता घाई न करता पाहावं. दोन्ही पॅड सारखे झिजलेत का? आतला संपलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, असं असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत, आणि नुसते नवे पॅड टाकले तर तेही तसेच झिजणार. पिना ओढून काढाव्यात, पुसाव्यात, गंज असेल तर बदलाव्यात, आणि रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस हलकं लावावं. साधं पिवळं ग्रीस इथे नको, त्याने रबर फुगतं. पिस्टनवरचं धूळरबर फाटलेलं आहे का, त्याच्या कडेला ओल आहे का, हेही आत्ताच बघावं. पॅडवरचा घर्षणाचा थर ३ मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. पुष्कळ पॅडना पातळ पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किरकिरते. त्या आवाजाची सवय करून घेऊ नये. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याखाली गेलेली डिस्क घासून घेण्यात अर्थ नाही.

पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीचं झाकण सैल करून भोवती फडकं ठेवावं. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबावं. मला याहून बरी वाटते ती पद्धत अशी : कॅलिपरमधला द्रव बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला, म्हणजे निपलला, पारदर्शक नळी लावून निपल किंचित उघडावं, पिस्टन दाबावा आणि आत गेल्यावर निपल बंद करावं. कॅलिपरमध्ये तापून म्हातारं झालेलं ब्रेक ऑइल मग उलट दिशेने एबीएसच्या बारीक झडपांकडे जात नाही, बाटलीत जातं.

नवे पॅड बसवताना घर्षणाच्या पृष्ठभागाला बोटांचं तेलही लागू देऊ नये. डिस्कवर ब्रेक क्लीनर मारून पुसावी. धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ती फुप्फुसांसाठी वाईटच, आणि जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतं. ओल्या फडक्याने टिपावी, तोंडावर मास्क असावा. बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळावेत. नट समोरासमोरचे घ्यावेत आणि शेवटची आवळ चाक जमिनीवर टेकवून द्यावी. एका बाजूचे पॅड बदलले की दुसऱ्या बाजूचेही बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते.

आणि आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पिस्टन मागे ढकललेला आहे, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जाणार. इंजिन सुरू करण्याआधी, गाडी तसूभरही हलवण्याआधी, पेडल पुन्हा पुन्हा दाबून ते वर आणि घट्ट आलंय याची खात्री करावी. मग टाकीची पातळी बघून झाकण लावावं. हे विसरून गाडी उलटी घेणाऱ्याला ब्रेक मिळत नाही, आणि मागे भिंत असते किंवा माणूस असतो.

नव्या पॅडना डिस्कशी जुळायला वेळ द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, थोडं अंतर थंड होऊ द्यावं, पुन्हा तेच, असं आठ-दहा वेळा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवू नये. पहिले दोनएकशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा जास्त अंतर राखावं.

मागचे ड्रम ब्रेक स्प्रिंगांच्या गुंत्यामुळे मी नवशिक्याला सुचवणार नाही. उघडायचेच असतील तर हँडब्रेक सोडून आणि पुढच्या चाकांना ठोकळे देऊन उघडावेत, आणि एका वेळी एकच बाजू, म्हणजे दुसरी बाजू बघून जोडता येते. ड्रम चिकटला असेल तर त्यावरच्या आट्यांच्या दोन भोकांत योग्य मापाचे बोल्ट आलटून पालटून फिरवले की तो सुटतो. ड्रमच्या आतल्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहावं. आत ओल असली तर सिलिंडर गेला. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर गंजून ड्रमला धरतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावलेले बरे.

ब्रेक ऑइल बदलायला दोन माणसं लागतात आणि एकमेकांचं ऐकावं लागतं. आधी टाकीतलं जुनं ब्रेक ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून काढावं आणि नवं भरावं, नाहीतर जुनंच सगळ्या नळ्यांतून फिरवत बसतो. साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. चाकांचा क्रम पुस्तिकेतला पाळावा. जुनी रीत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करण्याची, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ते मागचं डावं. पण दोन मार्ग तिरके जोडलेल्या गाड्यांत आणि एबीएस असलेल्यांत क्रम वेगळा असू शकतो.

निपलवर बरोबर मापाचा रिंग पाना बसवावा. उघड्या पान्याने कडा झिजतात, आणि गंजलेलं निपल जोर लावून तुटलं तर कॅलिपरच बदलायची पाळी येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. पारदर्शक नळीचं एक टोक निपलवर, दुसरं थोड्या नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. आतला माणूस पेडल दाबून धरतो आणि म्हणतो, ‘दाबलं.’ बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, द्रव नळीत येतो, पेडल खाली जातं. बाहेरचा निपल बंद करून म्हणतो, ‘सोड.’ बंद केल्याशिवाय पाय उचलला तर तीच नळी हवा आत ओढते. नळीत स्वच्छ आणि बुडबुडे नसलेला द्रव येईपर्यंत हे चालू ठेवावं. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघावी. ती रिकामी झाली तर मास्टर सिलिंडर हवा धरतो, आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावूनच निघते. २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ही काळजी जवळजवळ प्रत्येकालाच लागू आहे.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरची रबरं रोज ठरावीक भागातच सरकत असतात. पेडल तळापर्यंत नेलं की ती पलीकडच्या गंजाच्या खरबरीत भागावर घासून कापली जातात, आणि बरा चाललेला मास्टर सिलिंडर आपल्याच हाताने जातो. किती दाबलं तरी हवा निघत नसेल तर निपल कुठे आहे ते बघावं. हवा वर जाते, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालेला असला की निपल खाली येतं आणि हवा आत कायम राहते.

ब्रेक ऑइलने गाडीचा रंग उतरतो. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओतावं. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा.

शेवटी दोन परीक्षा, दोन्ही जागेवर. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावं म्हणजे बूस्टर रिकामा होतो, मग जोरात दाबून अर्धा मिनिट धरावं. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर दाब सोडतंय. घट्ट राहिलं तर तसंच दाबून ठेवून इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक. त्यानंतर गल्लीत अगदी हळू वेगात चार-सहा ब्रेक मारून बघावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघून मगच रोजच्या रस्त्याला लागावं.

निघालेलं ब्रेक ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. ते विषारी असतं. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणं तर घरातल्या मुलांसाठी धोक्याचं. नाव लिहिलेल्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं, आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळू नये. टाकीजवळ बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख, किलोमीटर आणि डॉटचा आकडा लिहावा, म्हणजे पुढच्या वेळी काम घरी होवो की गॅरेजमध्ये, विचारावं लागत नाही.